फुप्फुस प्रत्यारोपणानंतरचे पहिले आठवडे

मंडळी, फुप्फुस बसवताना शल्यचिकित्सक प्रत्येक बाजूला तीन जोड शिवतो: श्वासनळीच्या शाखेचा, फुप्फुसधमनीचा आणि हृदयाच्या डाव्या कर्णिकेत उघडणाऱ्या शिरांचा. मी आज बोलणार आहे ते जे सहसा शिवलेच जात नाही त्याविषयी, कारण सुरुवातीच्या गुंतागुंतींपैकी बऱ्याचशा तिथूनच उद्भवतात.

श्वासनळीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या तुटलेल्याच राहतात आणि जोडाजवळचा भाग काही आठवडे फुप्फुसधमनीकडून उलट वाटेने झिरपणाऱ्या, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तावर तग धरतो. १९६३ मध्ये मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी माणसावर पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले; रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षे यश हुलकावणी देत राहिले, त्याचे एक मोठे कारण हा जोड उसवणे हेच होते. १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूने या जोडाभोवती पोटातला चरबीचा पडदा गुंडाळला, म्हणजे रक्तपुरवठा शेजारून उसना आणला, आणि तो रुग्ण अनेक वर्षे जगला. आता जोड क्वचितच उसवतो. तो आकसून अरुंद होण्याची तक्रार मात्र अजून भेटते.

ऊतींतले जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचेही तेच. बर्फात ठेवलेल्या फुप्फुसात रक्त पुन्हा खेळू लागले की केशवाहिन्यांना इजा होऊन पाणी पाझरते, आणि ते वाहून नेणारी गटारेच तुटलेली असतात. पहिल्या ७२ तासांतील या बिघाडाला प्राथमिक कलम-बिघाड म्हणतात (कलम म्हणजे बसवलेले फुप्फुस). धमनीतील ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातील ऑक्सिजनचे प्रमाण हे गुणोत्तर २०० च्या खाली गेले, तर तो सर्वांत गंभीर प्रतीचा. म्हणून सलाईन हात राखून द्यावे लागते. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाने आधीच शिणलेली मूत्रपिंडे तर पाणी मागत असतात. माझ्या मते त्या तीन दिवसांतला सर्वांत अवघड हिशोब हाच.

तिसरी गोष्ट मज्जातंतूंची, तेही तुटलेलेच राहतात. श्वासनळीत घालायच्या दुर्बिणीचे टोक टाक्यांच्या वर असताना रुग्ण खोकतो; टाके ओलांडून खाली गेले की शांत. तिथे घट्ट कफाचा बुच बसलेला दिसतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, हवा थेट बाहेरची. जंतूंना आणखी काय हवे?

संसर्ग आणि तीव्र नकार, म्हणजे शरीराने नव्या फुप्फुसावर केलेला हल्ला, यांची लक्षणे मात्र सारखीच: ताप, धाप, एक्स-रेवर डाग. उपचार नेमके उलटे. एकात प्रतिकारशक्तीला थोडी मोकळीक द्यावी लागते, दुसऱ्यात ती आणखी दाबावी लागते. म्हणून दुर्बिणीतून फुप्फुसाचे किमान पाच चांगले तुकडे काढून तपासतात. घरी जाताना रुग्णाला फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याचे छोटे यंत्र देतात आणि बजावतात, की काही जाणवत नसले तरी आकडा दहा टक्क्यांनी उतरला, तर त्याच दिवशी फोन करायचा.