समुद्राच्या पोटातल्या लाटा

मंडळी, ही बाटली पाहा. तळाशी निळी शाई घातलेलं पाणी आहे, वर गोडंतेल, आणि हवेला जागाच ठेवलेली नाही. आता ती आडवी धरून जरा कलती करतो. तेल आणि पाणी भेटतात तिथे बघा, केवढी उंच लाट उठली, आणि किती रमतगमत चालली आहे! बेंजामिन फ्रँकलिनने जहाजात टांगलेल्या दिव्यात हेच पाहिलं होतं. दिव्यात खाली पाणी, वर तेल. जहाज डुलायचं तेव्हा तेल वरून शांत आणि खालचं पाणी मात्र हिंदकळतंय. १७६२ साली त्याने एका पत्रात हे लिहून ठेवलं.

समुद्रात तेलाऐवजी कोमट पाणी असतं. उन्हाने तापलेलं, पावसाने आणि नद्यांनी थोडं गोडं झालेलं हलकं पाणी वर तरंगतं; थंड, खारट, जड पाणी खाली. अंदमानच्या समुद्रात तर म्यानमारच्या इरावती नदीचं गोडं पाणी येऊन मिळतं, त्यामुळे वरचा थर आणखी हलका. तरीही दोन थरांच्या घनतेतला फरक किती? हजारात दोन-तीन भाग. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या एवढ्याशा फरकातून निघतं.

किनाऱ्यावरची लाट हवेत उचलली जाते. हवा तिच्यापुढे जवळजवळ वजनहीन, त्यामुळे गुरुत्वाकर्षण तिला पूर्ण ताकदीने खाली खेचतं. आतली लाट उचलली गेली, तर तिच्या भोवतीही जवळपास तेवढंच जड पाणी असतं. खेचणारं बल उरतं ते फक्त त्या हजारात दोन भागांपुरतं. थोड्या रेट्याने ती अवाढव्य उंच होते, आणि परत खाली यायला तिला कसलीच घाई नसते. एक हिशेब करू. वरचा थर १०० मीटर, खालचा ९०० मीटर आणि घनतेतला फरक हजारात दोन धरला, तर दोन थरांमधली लांब लाट तासाला जेमतेम पाच किलोमीटर जाते. तेवढ्याच खोल पाण्यावरून सुनामी गेली, तर ती तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाईल. म्हणून वर्तमानपत्रं या लाटांना ‘अदृश्य सुनामी’ म्हणतात तेव्हा मला फार चीड येते.

पण हा रेटा देतं कोण? बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी. निकोबार बेटांच्या मधल्या खिंडींमध्ये पाण्याखाली डोंगररांगा आहेत. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यांच्यावरून वाहतो तेव्हा त्याच्याबरोबर थरही वाकतात. डोंगरापलीकडच्या बाजूला थरांमधली सीमा खाली दबते आणि एक मोठी खळगी तयार होते. प्रवाह जोरात आहे तोवर ही खळगी तिथेच अडकून असते. लाट पुढे सरकू पाहते आणि पाणी तिला मागे ढकलतं. मग प्रवाह मंदावतो, उलटतो, आणि लाट सुटते. वाटेत ती पुढच्या बाजूने उभी होत जाते आणि फुटून तिचा तांडाच बनतो. सर्वांत मोठी लाट पुढे, लहान लहान मागे, कारण मोठीचा वेग जास्त. उधाणाच्या दिवसांत तांडे दांडगे, भांगाच्या, म्हणजे भरती कमी असते त्या दिवसांत दुबळे. साधारण साडेबारा तासांनी पुढचा तांडा. थायलंडच्या किनाऱ्याकडे पोचायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे एकाच वेळी चार-पाच तांडे समुद्रात एकामागोमाग चालत असतात.

१९७०च्या दशकात तेलासाठी अंदमानच्या समुद्रात विहिरी खोदायला जहाजं गेली, तेव्हा या लाटांचा हिसका बसू लागला. ऑस्बोर्न आणि बर्च या संशोधकांनी प्रवाह आणि तापमान मोजून १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की तांड्यातली एकेक लाट स्वतंत्रपणे, आकार न सोडता चालते आणि अशा लाटांचं १८९५ सालचं कोर्टवेग आणि डी व्हरीस यांचं समीकरण त्यांना बसतं. आत साठ-साठ मीटर उंची, आणि वर समुद्र वीतभरसुद्धा हलत नाही! दिसतात ते फक्त पट्टे. वरच्या प्रवाहामुळे पाणी जिथे एकत्र येतं तिथे बारीक लाटा खवळतात, बाजूला गुळगुळीत पट्टा राहतो. १९७५च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळवीरांनी टिपलेल्या फोटोंत हे पट्टे आले आहेत.

जहाज स्वतःही असा रेटा देऊ शकतं. ऑगस्ट १८९३ मध्ये नॉर्वेचा ध्रुवशोधक नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज सायबेरियाच्या उत्तरेला गोड्या पाण्याच्या पातळ थरात शिरलं आणि इंजिन चालू असूनही जागीच खिळल्यासारखं झालं. इंजिनाची ताकद खालच्या थरावर लाटा उठवण्यात खर्ची पडत होती. पुढे एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने टाकीत नमुन्याच्या होड्या ओढून हे दाखवलं, १९०४ साली.

आता पाणबुडीचा प्रश्न, तो नेहमी येतो. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ बालीच्या उत्तरेला बुडाली, ५३ जण गेले. तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी अशा लाटेचा संशय बोलून दाखवला. पाणबुडी आजूबाजूच्या पाण्याच्या घनतेशी तोल साधून राहते, तेव्हा खाली दबणारी लाट तिला खोल नेऊ शकते हे खरं. पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे.

उपद्रवच नाही, उपकारही आहेत. थायलंडच्या सिमिलान बेटांपाशी या लाटा उथळ पाण्यात येऊन मोडतात आणि खालचं थंड, पोषक पाणी वर ढकलतात. काही मिनिटांत तापमान कित्येक अंशांनी उतरतं. एरवी प्रवाळांना हा मारच, पण २०१०च्या उष्णतेत समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडत होते, तेव्हा जिथे लाटांचा मारा जास्त तिथले प्रवाळ जास्त तगले.

मागच्या रांगेतून विचारलं गेलं, आपल्याकडे काय? मुंबईसमोरची खंडान्त उथळी, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राचा उथळ तळ, दोन-तीनशे किलोमीटर रुंद आहे. तिच्या कडेला समुद्र एकदम खोल होतो, आणि भरतीचं पाणी या कडेवरून जाताना तिथेही आतल्या लाटा उठतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्याच्या या उतारावर ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारी यंत्रं नांगरून त्यांचा अभ्यास केला आहे. अंदमानसारखा थाट इथे नाही, पण वरून सपाट दिसणाऱ्या समुद्रात आतले थर दिवसातून दोनदा वर-खाली होतच असतात.