विमानाआधी टेबल

मित्रहो,

घरी विमान बांधायचे म्हटले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न इंजिनाविषयी असतो आणि दुसरा खर्चाविषयी. टेबलाविषयी कोणी विचारत नाही. मी आज मुख्यतः टेबल, छप्पर, हवा आणि फाटक यांच्याविषयीच बोलणार आहे, कारण कार्यशाळेत जो वाकडेपणा असतो तो विमानात उतरतो आणि रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, ओळींखाली कायमचा बंद होतो.

जागा अपुरी आहे ही सबब मात्र चालणार नाही. राइट बंधूंनी १९०३ चे विमान अमेरिकेतल्या डेटन गावातल्या आपल्या सायकलच्या दुकानात बांधले आणि चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने त्याचे इंजिन सुमारे सहा आठवड्यांत तिथेच तयार केले. पंखांचा मधला भाग जोडून झाला तेव्हा दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधली वाटच अडली; मग गिऱ्हाईक आले की बाजूच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढे यावे लागे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. दोन आसनी धातूच्या विमानाचा एकेक पंख साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो, आणि त्याच्या चारही बाजूंनी माणसाला फिरता आले पाहिजे. आपल्या नागपूरच्या ले-आउटमधल्या १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवरचा कार पोर्च बंदिस्त केला तर तेवढे जमते. गाडी अर्थातच उन्हात जाते, तेव्हा घरच्यांची संमती फीत लावून मापे घेण्याआधी मिळवावी.

आता टेबल. माझे पहिले टेबल मी जूनमध्ये साध्या प्लायवूडचे केले. त्याला रंग फक्त वरच्या बाजूने लावला, कारण खालची बाजू कोण बघतो, असे मला वाटले. पोळ्यापर्यंत त्याचा एक कोपरा सहा मिलिमीटर वर आला होता, आणि त्याच टेबलावर मी शेपटीचा आडवा भाग जोडला होता. ओळंबे सोडून पाहिले तेव्हा पीळ दिसला. शंभराहून अधिक रिव्हेट ड्रिलने काढावे लागले. रिव्हेट काढताना भोक थोडे तरी मोठे होतेच, म्हणून दोन पत्रे टाकूनच द्यावे लागले.

दुसरे टेबल चौकोनी लोखंडी पाइपच्या सांगाड्याचे आहे. पायांना खाली फिरवून उंची बदलता येईल असे बोल्ट आहेत, वर अठरा मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर आहेत आणि ते सहाही बाजूंनी रंगवलेले आहेत. समपातळी पाहायला महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि ताणलेली दोरी पुरते. दीड मीटर रुंद पंखाच्या दोन टोकांच्या तिरकेपणात तेरा मिलिमीटरचा फरक पडला की तो अर्धा अंश पीळ होतो, आणि असे विमान सरळ उडताना एका बाजूला झुकू पाहते. म्हणून पंख जोडताना दोन्ही टोकांना ओळंबे टांगून ठेवा आणि रोज काम सुरू करण्याआधी त्यांच्याकडे पाहा. पंखा बंद करून पाहा, नाहीतर दोरी हलत राहते आणि आपण आपल्याला हवे तेच वाचतो.

नागपुरात यापुढची अडचण उष्णतेची. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि मेच्या दुपारी पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाच्या शेडखाली त्याहूनही अधिक. तीन मीटर लांब ॲल्युमिनियमचा पत्रा पस्तीस अंशांच्या फरकाने सुमारे २.४ मिलिमीटर वाढतो, पण पोलादी मापाची फीत त्याच्या जवळजवळ निम्मीच वाढते. म्हणजे जानेवारीत मापून भोके पाडलेला पत्रा आणि मेमध्ये तीच फीत लावून भोके पाडलेली पट्टी यांच्यात टोकाशी मिलिमीटरभर चूक येते, आणि रिव्हेटचे भोकच ३.२ मिलिमीटरचे असते. उपाय एकच आहे: एकमेकांना जोडायचे भाग एकाच सकाळी, एकत्र ठेवून, एकाच ड्रिलने भोकावेत आणि लगेच क्लेको, म्हणजे स्प्रिंगची तात्पुरती खीळ, लावून धरून ठेवावेत.

उकाड्यावर आपला उपाय म्हणजे कूलर. तो कार्यशाळेत आणू नका. कूलर हवेत पाणी सोडतो. त्याने ड्रिलचे बिट गंजतात, लाकूड फुगते आणि इपॉक्सी रेझिनवर, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या राळेवर, चिकट, मेणचट थर येतो, ज्यावर पुढचा थर नीट धरत नाही. उन्हाळ्यात रेझिनची दुसरीही खोड आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की ते जमायला साधारण निम्माच वेळ लागतो आणि पेल्यात जास्त मिसळले तर पेला हातात धरवत नाही इतका तापतो. म्हणून रेझिनचे आणि लाकडाच्या चिकटवणीचे काम मी दिवाळी ते होळी एवढ्यातच ठेवतो. धातूचे काम मेमध्येही चालते, पण सकाळी सहा ते दहा. दुपारी रिव्हेट गन चालवली तर आख्खा मोहल्ला झोपेतून उठतो, आणि ते योग्यही नाही. पावसाळ्यात या गनला दाबाची हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठते. रोज काम संपल्यावर खालचा कॉक उघडून ते सोडावे.

उजेडाबद्दल एवढेच सांगतो की छतावरच्या दिव्यांइतकाच एक दिवा टेबलाच्या उंचीवर, बाजूने हवा. ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट ठोकल्यावर मागे तयार होणारे डोके ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच झाले पाहिजे. बाजूच्या उजेडात त्याची सावली पडते आणि डोके एका बाजूला ढळले असेल तर ते मापण्याआधीच दिसते. गन माझ्या हातात असते, पत्र्यामागे पोलादी बकिंग बार माझी पत्नी धरते. बार जरा तिरपा झाला की माझ्याआधी तिला कळते, कारण धक्का तिच्या मनगटाला बसतो. ती “थांबा” म्हणते आणि मी ट्रिगर सोडतो. बहुतेक रिव्हेट या एका शब्दाने वाचले आहेत.

लोखंडाला वापरलेली कानस आणि ब्रश ॲल्युमिनियमला लावू नयेत. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पत्रा खाल्ला जातो. पत्र्यावर पेन्सिलीने खूण करणेही याच कारणाने वर्ज्य; पेन्सिलीतले ग्राफाइट गंजाला वाट करून देते. बारीक टोकाचे मार्कर पेन वापरा. इतवारीच्या लोहाओळीतून टेबलाचे पाइप, क्लॅम्प आणि सरावाचा पत्रा खुशाल आणा, विमानाचा पत्रा मात्र नको. तो २०२४-टी-३ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि उत्पादकाच्या दाखल्यासह घेतलेला हवा. ते दाखले, रोजच्या कामाची नोंदवही आणि पत्रे बंद होण्याआधीचे फोटो पहिल्या दिवसापासून जपा, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय विमान उडवता येत नाही, आणि तपासणाऱ्याला बंद पंखाच्या आत पाहता येत नाही.

शेवटी फाटक. माझे दोन मीटर सत्तर सेंटिमीटरचे होते, म्हणून मी निश्चिंत होतो. मग एका रविवारी बांबूच्या काठ्यांची, खऱ्या मापाची शेपूट बांधून आम्ही ती बाहेर काढून पाहिली. वळताना ती आंब्याच्या झाडाला अडली. आंबा तसाच आहे. फाटकाचा उजवा खांब तोडून आता तो तळाशी चार बोल्टांवर उभा केला आहे.