दिरहम चढला, तरी झोप का उडाली?

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सगळ्यांना नमस्कार. शारजा, दम्माम, कुवेत, दोहा इथं मोबाईल कानाला लावून ऐकत असलेल्या आपल्या पोरांनाही नमस्कार.

आज बोलायचंय ते परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाच्या खर्चाबद्दल, आणि त्यापायी त्याच्या जिवाला लागलेल्या घोराबद्दल. मी अर्थतज्ज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बँकेच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. आखातातून आलेले पैसे काढायला येणाऱ्या बायका, थकलेले आईबाप, सुट्टीवर आलेली पोरं यांची पासबुकं भरून देता देता जे दिसलं, ते सांगतो.

रुपया घसरल्याची बातमी आली की आपल्या गल्लीत कोणीतरी हमखास म्हणतं, "त्याला काय कमी हाय? दुबईला हाय की! दिरहम वाढलाय." आकडा खोटा नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका दिरहमला 17-18 रुपये मिळायचे, आता 23 च्या वर मिळतात. पण गोम अशी आहे की अमिरातीनं, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात आहेत त्यानं, 1997 पासून दिरहम डॉलरला बांधून टाकलाय, एका डॉलरला 3.6725 दिरहम. तो जागचा हलत नाही. हलतो आपला रुपया, तोही खाली. इथं बेळगावच्या उद्यमबागेत लेथ चालवायला शिकून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलेल्या पोराचा पगार तिथं गेल्या वर्षी होता तेवढाच असतो, आणि पोट त्याला तिथंच भरायचं असतं, दिरहमात. तिथं 2018 च्या 1 जानेवारीपासून 5 टक्के व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा कर, लागू झाला. पेट्रोलचे दर 2015 च्या ऑगस्टपासून दर महिन्याला नव्यानं ठरतात. सौदीत तर 5 टक्क्यांचा व्हॅट जुलै 2020 मध्ये एका झटक्यात 15 टक्के झाला.

सगळ्यात मोठा खड्डा भाड्याचा. 'बेड स्पेस' हा शब्द इथल्या घराघरांत माहीत आहे, पण ती जागा घरच्यांनी पाहिलेली नसते. एका खोलीत दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, पडद्याच्या आत एक माणूस, त्याचा चार्जर, उशाशी देवाचा फोटो आणि खाटेखाली बॅग. एवढ्या जागेचं भाडं तो दर महिन्याला मोजतो. दुबईत भाडेवाढीला कायदा आहे, 2013 चा. बाजारभावापेक्षा तुमचं भाडं किती कमी आहे ते बघून 5 ते 20 टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते, आणि करारात बदल करायचा तर 90 दिवस आधी कळवावं लागतं. कायदा चांगला आहे. पण तो उपयोगी पडतो तो करारावर ज्याचं नाव आहे त्याला. आपला पोरगा बहुतेक वेळा त्या भाडेकरूचा भाडेकरू असतो. त्याला एक दिवस रात्री सांगितलं जातं, पुढच्या महिन्यापासून शंभर दिरहम जास्त, नाहीतर बघ दुसरीकडे. त्या रात्री तो घरी फोन करतो तेव्हा काय सांगतो? "बरं हाय. जेवलो. तुम्ही जेवलासा काय?"

सौदीतल्या मंडळींचं दुखणं आणखी वेगळं. बायको-मुलं जवळ ठेवायची तर 2017 पासून माणशी दरमहा फी सुरू झाली. 100 रियालनं सुरू होऊन ती 2020 मध्ये 400 वर गेली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला 1,200 रियाल, नुसते जवळ राहण्याचे. कितीतरी कुटुंबांनी त्या काळात गाशा गुंडाळला. पोरं इथल्या शाळेत आली, बाप तिथंच राहिला. पैसा वाचला, हे खरं. बाकी काय गेलं ते पासबुकात दिसत नाही.

आता इकडची बाजू बघू, कारण घोर एका बाजूनं लागत नाही.

रुपया उतरला की घरी येणारी रक्कम फुगते. मुलगा तेवढेच 1,500 दिरहम पाठवतो, पण खात्यात आधीपेक्षा आठ-नऊ हजार जास्त पडतात. घराला वाटतं, पगार वाढला. मग स्लॅब पडतो, शाळा बदलते, भिशीचा आकडा वाढतो. आणि आपल्या बेळगाव तालुक्यात तर महालक्ष्मी यात्रा! कुठल्या गावात पाच वर्षांनी, कुठे बारा, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी. यात्रा ठरली की गावाचं रूप पालटतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. घराला रंग, दारात मंडप, लेकीबाळींना साड्या, पै-पाहुण्यांची जेवणावळ. देवस्थानची पट्टी घराप्रमाणे ठरते, पण आखातात पोरगा असलेल्या घराकडे पंच जरा आशेनं बघतात, आणि घरही मागे हटत नाही. मी यात्रेच्या विरोधात नाही. आमच्या घरी यात्रा झाली तेव्हा मीही हौसेनं केली, आणि पुन्हा आली तर पुन्हा करीन. पण यात्रेआधी काउंटरवर सोनं तारण ठेवणाऱ्यांची जी रांग लागते, तीत आखातातल्या पोरांच्या आया बऱ्याच असतात. विचारलं, "मुलाला सांगितलंसा?" तर उत्तर येतं, "त्याला कशाला ताप? त्यो यात्रंला येणार हाय, हसत येऊ दे."

म्हणजे बघा, तिकडे तो भाडं वाढल्याचं लपवतो, इकडे आई दागिना ठेवल्याचं लपवते. दोघंही मायेपोटीच. आणि दोघांचीही झोप उडालेली. महागाईनं माणूस जेवढा खचत नाही तेवढा या लपवालपवीनं खचतो, असं माझं मत झालंय. आकडा माहीत असला की माणूस काहीतरी जुळवाजुळव करतो. आकडाच माहीत नसेल तर रात्रभर नुसते अंदाज बांधत पडतो.

या घोराची लक्षणं सांगतो, कारण बरेच जण त्याला ॲसिडिटी समजून गोळ्या खातात. पहाटे तीनला जाग येणं आणि पहिला हात मोबाईलवर जाणं. आजचा दिरहमचा रेट किती, हे दिवसातून दहा वेळा बघणं. घरचा फोन वाजला की छातीत धस्स होणं. बारीकसारीक गोष्टीवरून खोलीतल्या सोबत्यावर खेकसणं. इकडे बायकोचं तेच. बोटिमवर, म्हणजे फोन करायच्या ॲपवर, हिरवा ठिपका दिसतोय आणि हा उचलत नाही म्हणजे काय झालं असेल?

त्या रेटचा हिशेब एकदा करून टाकू. 1,500 दिरहम पाठवणाऱ्याला रेट 10 पैशांनी चढला तर जास्तीचे मिळतात 150 रुपये. रेट चढेल म्हणून पोरगा दहा-पंधरा दिवस पैसे अडवून धरतो. तेवढ्यात इकडे घरात अडचण येते, आई गल्लीतल्या कोणाकडून 30,000 घेते, शेकडा तीननं. महिन्याचं व्याज 900. दीडशेच्या आशेवर नऊशे गेले, आणि डोक्याला ताप झाला तो वेगळा. म्हणून पाठवायची तारीख एकच ठरवा, पगार झाल्यावर दोन दिवसांनी म्हणा, आणि मधल्या दिवसांत रेट बघायचा ॲप उघडू नका. हे सोपं नाही, मला माहीत आहे. पण करून बघा.

दुसरं म्हणजे महिन्यातून एक फोन फक्त हिशेबाचा. रोजचा 'जेवलास का' वेगळा, तो चालू दे. हा वेगळा. आपल्याकडे रात्री अकरा म्हणजे दुबईत साडेनऊ, सौदीत साडेआठ, म्हणजे जेवणं झालेली असतात. दोन्हीकडे वही-पेन घेऊन बसा. त्यानं सांगायचं, भाडं इतकं, मेस इतकी, हातात उरले इतके. घरच्यांनी सांगायचं, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता इतका, शाळेची फी इतकी, दागिना ठेवलाय की नाही. पहिल्या फोनला भांडण होईल, हे गृहीत धरा. सोसायटीच्या कर्जाचा आकडा ऐकून एक पोरगा आठ दिवस आईशी बोलला नव्हता, हे तिनंच मला डोळे पुसत सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यानंच स्वतःहून ते कर्ज आधी फेडायला घेतलं, आणि घराचा वरचा मजला वर्षभर पुढे ढकलला.

एक गंमत सांगतो, म्हटलं तर गंमत. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे 2023 च्या जूनपासून आपल्याकडच्या बायका सरकारी बसनं फुकट फिरतात. एक वहिनी मला म्हणाल्या, "मी खानापूरहून फुकट आले, आणि ह्ये तिकडं मेट्रोचे पैसे वाचवायला उन्हात चालतात." उन्हाळ्यात, दुबईत! हे त्यांना नवऱ्यानं सांगितलं नव्हतं, त्याच्या सोबत्यानं सांगितलं.

जे अजून जायचेत त्यांनी एक ऐका. निम्मा घोर विमानात बसण्याआधीच कर्जाच्या रूपात डोक्यावर बसतो. सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटानं 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घ्यायचं नाही असा नियम आहे. पावती मागा. पावती देत नसेल तर तो एजंट नव्हे. एजंटाची नोंदणी खरी आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येतं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागते असा शेरा, असतो; त्यांना आखातात जाताना प्रवासी भारतीय विमा घ्यावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. एवढ्या पैशात आता दोघांचं हॉटेलातलं जेवणही होत नाही.

आणि करारावर सही करताना 'बेसिक', म्हणजे मूळ पगार, किती लिहिलाय ते बघा, एकूण पगारावर भुलू नका. अमिरातीत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर. पहिली पाच वर्षं दरवर्षाला 21 दिवसांचा पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. बेसिक 1,200 दिरहम असेल तर दिवसाचे 40, वर्षाचे 840, पाच वर्षांचे 4,200. एजंट सांगतो तो 'येताना लाखो घेऊन येशील' हा आकडा यातून निघत नाही.

हिशेब जुळूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, नको नको ते विचार मनात येत असतील, तर तो हिशेबाचा विषय राहिला नाही, आजाराचा झाला. तिथं लाजायचं कारण नाही. पेन घ्या, दोन नंबर देतो. इथं घरच्यांसाठी मनाच्या आजारावर फोनवरून मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं: 14416. अमिरातीत असलेल्यांसाठी भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र, फोनला पैसे पडत नाहीत, पगार अडकला असेल किंवा मन बिघडलं असेल, दोन्हीसाठी चालतं. तो नंबर 800 46342. पुन्हा सांगतो. इथं, एक चार चार एक सहा. तिकडे, आठ शून्य शून्य, चार सहा तीन चार दोन. घरातल्या वहीत लिहून ठेवा, आणि तिकडच्या माणसाला आज रात्रीच पाठवा.

नमस्कार.