काही तासांची कोठडी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे

नमस्कार. आजचा विषय आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. पण परदेशी गेलेलं एखादं तरी माणूस आता बहुतेक घरांत असतं, म्हणून तो तुमच्यापुढे मांडावासा वाटला. विमानतळावर किंवा बंदरावर उतरलेल्या माणसाला देशात घ्यायचं की परत पाठवायचं, याचा निर्णय होईपर्यंत त्याला ज्या खोलीत बसवून ठेवतात, त्या खोलीबद्दल मी बोलणार आहे. उदाहरण ब्रिटनचं घेतो. तिथे अशा जागांवर बाहेरच्या माणसांनी लक्ष ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं चालू आहे, आणि ती कुठे उपयोगी पडली, कुठे तोकडी पडली, हे जाहीर नोंदींमधून तपासता येतं.

ब्रिटनच्या 1999 च्या इमिग्रेशन आणि आश्रय कायद्यात या जागांना शॉर्ट-टर्म होल्डिंग फॅसिलिटी म्हटलं आहे. एखाद्याला तिथे फार तर सात दिवस ठेवता येतं. मँचेस्टर विमानतळ आणि उत्तर आयर्लंडमधलं लार्न इथल्या जागांमध्ये निजायला पलंग आहेत. हीथ्रो, गॅटविकसारख्या ठिकाणी मात्र नुसत्या होल्डिंग रूम असतात आणि तिथे साधारणपणे 24 तासांपलीकडे कुणाला ठेवायचं नसतं. आता हे बघा: कायदा 1999 चा, आणि या जागा कशा चालवायच्या याचे नियम लागू झाले जुलै 2018 मध्ये. मधली जवळजवळ 19 वर्षं तिथे काय असलं पाहिजे, काय नसलं पाहिजे, हे कायद्यानं बांधलेलं नव्हतं.

माझ्या मते याचं मूळ एका समजुतीत आहे. माणूस काही तासच राहणार, मग पलंग कशाला, अंघोळीची सोय कशाला, डॉक्टर कशाला? तुरुंगाबद्दल असं कुणी म्हणत नाही, कारण तिथे माणूस वर्षानुवर्षं राहतो. पण थोड्या काळाच्या कोठडीत माणूस जास्त असहाय असतो. तुरुंगातला कैदी महिन्याभरात वकील गाठतो, शेजारच्या बराकीतल्यांकडून नियम शिकतो, तक्रारीचं उत्तर आलं नाही तर दुसरी तक्रार करतो. होल्डिंग रूममधल्या माणसाला यातलं काहीच शक्य नसतं. प्रवासानं तो थकलेला असतो, बरेचदा भाषा येत नसते, कॅमेऱ्याचा मोबाइल काढून घेऊन हातात साधा फोन दिलेला असतो. त्यानं तक्रार लिहिलीच, तरी उत्तर यायच्या आत तो त्या इमारतीत, कदाचित त्या देशातही नसतो. म्हणजे तक्रारदार दर दिवशी बदलतो आणि गैरसोय तीच राहते. ती ओळखायची तर तिथे वारंवार येणारं आणि जुनी नोंद आठवणारं कुणीतरी लागतं.

ब्रिटनमध्ये हे काम इंडिपेंडंट मॉनिटरिंग बोर्ड करतात, आपण त्यांना देखरेख मंडळं म्हणू. सदस्य विनामानधन काम करणारे सामान्य नागरिक असतात. पूर्वसूचना न देता ते येऊ शकतात, कोणत्याही भागात जाऊ शकतात, कोठडीतल्या माणसाशी अधिकारी समोर नसताना बोलू शकतात, नोंदवह्या मागू शकतात.

भेट म्हणजे नेमकं काय, हे थोडं जवळून पाहू. चांगला सदस्य खोलीत डोकावण्याआधी नोंदवही उघडतो. माणूस आत किती वाजता आला, ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा ‘आयएस 91’ हा कागद कधी निघाला, कारणं सांगणारा ‘आयएस 91 आर’ त्याला दिला का, बाहेर कधी गेला. मग तो तास मोजतो. 14 तास, 19 तास, 26 तास. 26 कुठे दिसले की पुढचा प्रश्न: उशीर कशाचा? मुलाखत घेणारा अधिकारी मोकळा नव्हता, की दुसऱ्या केंद्रात नेणारी गाडी रात्रभर आलीच नाही? त्यानंतर खोली. पांघरुणं आहेत का, प्यायचं पाणी मागावं लागतं की हाताशी आहे, रात्री दिवे मंद होतात का, बायकांना वेगळी जागा आहे का. आणि फोनवरून दुभाषी मिळवून माणसाशी खरंच कुणी बोललं का, की इंग्रजीत विचारलं, त्यानं मान हलवली आणि ‘समजलं’ अशी खूण झाली? माझ्या दृष्टीनं हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आजार, गरोदरपण, छळाची पार्श्वभूमी, यातलं काहीही मान हलवण्यातून कळत नाही.

हीथ्रोच्या मंडळानं आपल्या अहवालांमधून वर्षानुवर्षं एकच गोष्ट मांडली: इथे माणसं रात्र काढतात, मुलांसकट काढतात, आणि झोपायला खुर्च्या आहेत. त्यावर मिळणारी उत्तरं बरेचदा जागेच्या अडचणीची असत. मंडळाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव. तरीही त्या लिहिण्याला मी वाया गेलेलं काम म्हणणार नाही. तीच ओळ दर वर्षी छापून येते, तेव्हा ‘आम्हांला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय उरत नाही.

आता मॅन्स्टन. केंट परगण्यातला हा जुना लष्करी तळ. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांची पहिली नोंदणी करायला तो 2022 च्या सुरुवातीला उघडला. त्या वर्षी 45 हजारांहून जास्त माणसं अशी आली. तळाची क्षमता जास्तीत जास्त 1,600 ची, मुक्काम 24 तासांचा. जुलैमध्ये तुरुंग निरीक्षक चार्ली टेलर यांच्या पथकानं तिथे तपासणी केली, तेव्हाच थकलेली माणसं जमिनीवर झोपलेली आढळली, मोकळ्या हवेत जायची सोय नव्हती, शौचालयाचं दार पूर्ण लावू देत नाहीत असंही काहींनी सांगितलं. हा अहवाल प्रसिद्ध झाला 1 नोव्हेंबरला. तोवर काय झालं होतं? ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे सुमारे 4,000 माणसं होती. सीमा आणि इमिग्रेशनचे मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांनी 26 ऑक्टोबरला संसदीय समितीसमोर सांगितलं की तिथलं दृश्य पाहून आपल्याला शब्द सुचेनात. एक अफगाण कुटुंब तंबूत 32 दिवस होतं. 24 तासांच्या जागी 32 दिवस!

30 ऑक्टोबरला डोव्हरच्या केंद्रावर पेट्रोल बॉम्ब फेकले गेले आणि तिथली शेकडो माणसंही मॅन्स्टनलाच आणली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका लहान मुलीनं कुंपणावरून बाटली फेकली. बाटलीत पत्र होतं: आम्ही तुरुंगात असल्यासारखे आहोत, इथे गरोदर बायका आहेत, आजारी माणसं आहेत, आम्हांला मदत करा. पत्र उचललं ते बाहेर उभ्या वृत्तछायाचित्रकारानं. एवढी यंत्रणा, एवढे नियम, आणि आतला आवाज बाहेर यायला एका पोरीला बाटली फेकावी लागली, हे मला आजही सहन होत नाही. 19 नोव्हेंबरला तिथे ठेवलेला एक माणूस रुग्णालयात दगावला. पुढच्या तपासणीत कारण निघालं घटसर्प. त्यानंतर थोड्याच दिवसांत तळ रिकामा करण्यात आला.

तपासणी आणि देखरेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅन्स्टनवरून कळतं. तपासणी पथक तज्ज्ञांचं असतं, बारकाईनं पाहतं, पण येतं कधीतरी. जुलै आणि नोव्हेंबरच्या मध्ये जे बिघडलं, ते दर आठवड्याला येणाऱ्या माणसालाच दिसणार. आणि त्यानं ते त्याच संध्याकाळी वरिष्ठांच्या कानावर घालायला हवं, वार्षिक अहवालाची वाट पाहून चालत नाही. सरकारनं यावर काय केलं? जानेवारी 2023 पासून नियमांत नवा प्रकार आणला, निवासी होल्डिंग रूम, मर्यादा 96 तास. निवासी म्हटल्यावर झोपायची सोय द्यावी लागते, हे खरं. पण मोडलेली मर्यादा पाळण्याऐवजी ती वाढवली, हेही तितकंच खरं, आणि मला ते पटत नाही.

देखरेख मंडळांचीही कठोर चिकित्सा व्हायला हवी. गॅटविकजवळच्या ब्रूक हाउस या, परदेशी नागरिकांना जास्त काळ ठेवण्याच्या मोठ्या केंद्रात 2017 मध्ये कर्मचाऱ्यांनी केलेला छळ उघड झाला तो छुप्या कॅमेऱ्यामुळे, मंडळाच्या अहवालामुळे नव्हे. केट ईव्ह्स यांच्या चौकशीनं 2023 मध्ये, पाच महिन्यांतले 19 प्रसंग अमानुष वागणुकीच्या व्याख्येत बसू शकतात असं नोंदवलं. तिथे मंडळ होतं, भेटीही होत होत्या. रोज त्याच अधिकाऱ्यांबरोबर चहा घेतला की डोळा सरावतो. शिवाय सदस्यांची नेमणूक मंत्री करतात, पैसा सरकारी खात्यातून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या छळाविरोधी कराराला जोडलेल्या 2002 च्या पूरक करारानं त्यात सामील होणाऱ्या प्रत्येक देशाला कोठड्यांवर स्वतंत्र नजर ठेवणारी यंत्रणा उभारायला लावली, त्यात तिचं स्वातंत्र्य राखण्याची आणि तिला लागणारा निधी देण्याचीही अट आहे. ब्रिटननं ही यंत्रणा 2009 मध्ये जाहीर केली, पण त्यातली मंडळं या कसोटीवर पूर्ण उतरतात असं मी म्हणणार नाही.

भारतानं मूळ करारावर 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. आपल्या तुरुंगांसाठी अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे तुरुंग पाहायला जाणाऱ्या बिनसरकारी माणसांची, तरतूद मात्र ब्रिटिश काळापासून आहे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना त्या नेमणुकांची आठवण करून द्यावी लागली. 2024 मध्ये आसामच्या मातिया इथल्या, परदेशी ठरवलेल्यांच्या केंद्रात पाणी आणि शौचालयांची काय अवस्था आहे हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, ते राज्य विधी सेवा प्राधिकरणानं प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यामुळे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती अभय ओक होते.

शेवटी, ज्यांची मुलं शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनला चालली आहेत त्यांच्यासाठी. विमानतळावर थांबवलं तर कारणांचा कागद लेखी मागायचा. मराठीतून किंवा हिंदीतून बोलायचं असेल तर दुभाषी मागायचा. इंग्रजी येतं म्हणून घाबरलेल्या अवस्थेत कसंबसं निभावून नेऊ नये. औषध चालू असेल तर लगेच सांगायचं. भारतीय उच्चायुक्तालयाला कळवा असं म्हणायचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारानं दिलेला आहे. देखरेख मंडळाच्या सदस्याशी बोलायचं आहे असंही सांगता येतं. आणि आत नेल्याची वेळ स्वतः कागदावर लिहून ठेवायची, कारण सदस्य आला की तो पहिल्यांदा तीच विचारेल.