कुणी ‘जीव नकोसा झालाय’ म्हणालं तर

नमस्कार. आज डिप्रेशन आणि आत्महत्या यांच्याबद्दल बोलायचंय. सध्या तुम्हालाच बरं वाटत नसेल, तर व्हिडिओ इथे थांबवा. हेल्पलाइनचा नंबर खाली वर्णनात दिलाय, आधी तो बघा.

माझ्या एका मैत्रिणीकडे मी सहज गेले होते. तिच्या वॉशिंग मशीनमध्ये दोन दिवसांपूर्वी धुतलेले कपडे तसेच ओले पडलेले, कुबट वास यायला लागलेला. मी म्हटलं, "अगं, वाळत का नाही घातलेस?" ती म्हणाली, "झाकण उघडते, बघते आणि परत लावते." ती रडत नव्हती. आवाज सपाट होता, इतकंच. मी कपडे वाळत घातले, "जरा बाहेर पडत जा गं" म्हटलं आणि निघून आले.

ते वाक्य मला अजून बोचतं. कारण तिला डिप्रेशन होतं, आणि मला ते दिसलं नाही. मी अश्रू शोधत होते.

डिप्रेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडका चेहरा येतो. डॉक्टर मात्र दोन मुख्य गोष्टी बघतात: मन सतत खिन्न असणं, किंवा कशातच गोडी न उरणं. या दोन्हींपैकी एक तरी हवीच. तिच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला सतत दोष देणं, मरणाचे विचार. हे सगळं जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे. म्हणजे अश्रू नसतानाही डिप्रेशन असू शकतं. आणि कपडे वाळत घालणं हा डोंगर वाटणं म्हणजे आळस नव्हे, ते आजाराचं लक्षण असू शकतं.

आता आत्महत्येशी याचा संबंध काय? जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात. त्यांतल्या अनेकांना डिप्रेशन असतं, सगळ्यांना नाही. कर्ज, व्यसन, घरातली मारहाण, असह्य दुखणं, एखाद्या क्षणाचा उद्रेक, अशी बरीच कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. आणि डिप्रेशन असलेली बहुतेक माणसं आत्महत्या करत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण निदान ऐकल्या ऐकल्या घरच्यांचे हातपाय गळतात.

मग धोका कुठे वाढतो? अॅरन बेक नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. आत्महत्येचे विचार असलेल्या रुग्णांचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की डिप्रेशन किती तीव्र आहे यापेक्षा माणूस किती हताश आहे, यावरून पुढचा धोका जास्त कळतो. ‘वाईट वाटतंय’ वेगळं आणि ‘हे कधीच बदलणार नाही’ वेगळं.

ही हताशा येते कुठून, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८६ साली मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांना साधे शब्द दिले आणि त्यावरून आपल्या आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितलं. समजा शब्द आहे ‘आनंद’. तुम्ही म्हणाल, "परीक्षा संपली त्या संध्याकाळी आम्ही पावसात चिंब भिजलो." या लोकांकडून अनेकदा मोघम उत्तर यायचं, "पूर्वी मित्र भेटायचे तेव्हा बरं वाटायचं" अशा धर्तीचं. नेमका प्रसंग हाती लागत नव्हता. आता विचार करा, मागचा चांगला दिवस स्पष्ट आठवत नसेल, तर पुढचा चांगला दिवस कशाच्या जोरावर डोळ्यांसमोर आणायचा? अडचणीतून मागे कसे बाहेर पडलो होतो, हेही आठवत नाही. रस्ते असतात, पण मनाला ते सापडत नाहीत. आणि त्या माणसाला वाटतं, मी नीट विचार करूनच या निष्कर्षाला आलोय.

म्हणून "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. काय आहे याची यादी त्याच्याकडेही असते. तिचा स्पर्श मनाला होत नाही, आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच.

त्यातून दुसरा विचार उगवतो: ‘मी सगळ्यांवर ओझं झालोय, मी नसलो तर हे सुटतील.’ त्या माणसाला हा त्याग वाटतो. घरच्यांना विचारा, कुणीही सुटत नाही.

पण हा विचार कायम एकाच तीव्रतेने टिकत नाही. तो लाटेसारखा चढतो आणि उतरतो. ऐन क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं याचा एक अभ्यास १९७८ साली आला. अनेक वर्षांनंतर पाहिलं तेव्हा त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. ‘आज अडवलं, तर उद्या करेलच’ हा समज किती चुकीचा आहे बघा. लाट ओसरेपर्यंत सोबत कुणी असणं आणि घातक वस्तू हाताशी नसणं, याने जीव वाचतो.

मग विचारायचं कसं? सरळ. "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसतो, ही भीती खरी ठरलेली नाही. २००५ साली दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात हे तपासलं गेलं. प्रश्न विचारल्यामुळे मुलांचा त्रास वाढला नाही. उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका, उपदेश सुरू करू नका. "कधीपासून? आत्ता येतोय का? काही ठरवलंयस का?" एवढं विचारा. ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, तातडीची मदत बोलवा. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली तरी सांगा.

डिप्रेशनवर उपचार आहेत, गोळ्याही आणि समुपदेशनही. गोळ्यांचा गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात. कधी कधी मन सावरायच्या आधी अंगात उभारी येते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलांकडे, जास्त लक्ष हवं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

माझी मैत्रीण आज बरी आहे. पुढे एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस? ती म्हणाली, "लगेच. मी वाटच बघत होते."

आणि हे ऐकताना तो विचार आत्ता तुमच्याच मनात असेल, तर कारणं समजावून सांगायच्या फंदात पडू नका. फोन उचला आणि एका माणसाला एवढंच लिहा: "मला आज एकटं राहायचं नाहीये. येशील?"