एकच खेकडा, मापं वेगळी

ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की खाजणातल्या बिळाबिळांतून फिडलर खेकडे बाहेर येतात. हा नर. एक डेंगा जवळजवळ अंगाएवढा, दुसरा इवलासा. खायचं काम इवल्या डेंग्याचं. चिमूटभर चिखल तोंडात घालायचा, त्यातलं सूक्ष्म शेवाळ टिपायचं, उरलेल्या चिखलाची गोळी करून खाली टाकायची. मादीचे दोन्ही डेंगे लहान; ती दोन्हींनी जेवते.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर फ्लोरिडापासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत खाजणांत हाच खेकडा आणि खाजणभर तेच एक गवत, स्पार्टिना. बदलते ती थंडी. उत्तरेकडे जाताना तापमान इतकं झपाट्यानं उतरणारे किनारे जगात थोडेच.

खेकडा धरायचा, कॅलिपरनं पाठीच्या कवचाची रुंदी मोजायची, नर की मादी ते लिहायचं. पुढच्या खाजणात पुन्हा तेच. 13 खाजणांतली अशी मापं 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरेकडे दर अक्षांशामागे कवच सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद होत गेलं होतं! थंड प्रदेशात प्राणी आकारानं मोठे, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यांनी 1847 मध्येच मांडलं होतं, पण उष्ण रक्ताच्या प्राण्यांबद्दल. खेकडा तर थंड रक्ताचा.

मग हा मोठेपणा जन्मजात, की थंडीनं घडवलेला? नुसत्या मोजमापातून ते कळत नाही. त्यासाठी दोन्हीकडचे जीव एकाच पाण्यात वाढवावे लागतात.

खाजणातल्या खाड्यांमध्ये थव्यानं फिरणाऱ्या सिल्व्हरसाइड या चंदेरी माशाबाबत संशोधक डेव्हिड कोनोव्हर आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. उत्तरेच्या नोव्हा स्कॉशियाची (कॅनडा) आणि दक्षिणेच्या साउथ कॅरोलिनाची पिल्लं सारख्याच तापमानात वाढवली. उत्तरेची पिल्लं भराभर वाढली. त्यांच्याकडे उन्हाळा आखूड. हिवाळ्याआधी अंग भरलं नाही तर जगणं अवघड. म्हणजे हा वेग उपजतच. मग दक्षिणेच्या माशानं हळू का वाढावं? पुढच्या प्रयोगांत दिसलं, की झपाट्यानं वाढणारे मासे पोहायला मंद असतात आणि शिकाऱ्याच्या तोंडी लवकर लागतात. या साऱ्या अभ्यासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच उत्तर.

उत्तर-दक्षिणेच्या या फरकातून स्पार्टिना गवतही सुटलेलं नाही. दक्षिणेचं गवत चरणाऱ्यांना कमी रुचतं; समोर दोन्ही ठेवलं तर दक्षिणेचे कीटकसुद्धा उत्तरेचंच खातात.

खेकड्याचा उलगडा जास्त अवघड आहे. त्याच्या अळ्या समुद्रात वाहत जातात. आई एका खाजणात, पोरं भलत्याच. त्यात त्याची हद्दही सरकते आहे. पूर्वी तो मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड या द्वीपकल्पाच्या उत्तरेला नसे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत तो त्याही उत्तरेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पोचलेला आहे. त्यामुळे जुन्या खाजणांत पुन्हा पुन्हा कॅलिपर घेऊन उतरायला हवं, आणि यादीत उत्तरेची नवी खाजणंही घालायला हवीत.