फुकट वाटलेली टोपी

ही टोपी जरा जवळून बघा. पुढे स्पंज, मागे प्लास्टिकची जाळी, आणि कमीजास्त करायला ती टकटक लागणारी पट्टी. अमेरिकेत हिला ट्रकर कॅप म्हणतात, पण ट्रकवाल्यांइतकीच ती शेतकऱ्यांचीही, आणि दोघांनीही सहसा ती विकत घेतलेली नसायची.

बेसबॉलची टोपी तशी जुनी, १८६० मध्येच ब्रुकलिनचा एक्सेलसियर्स संघ पुढे झाप असलेली गोल टोपी घालून खेळत होता. पण ती कापडी आणि शिवलेली, म्हणजे महाग. इकडे आयोवा, नेब्रास्का अशा अमेरिकेतल्या शेतीच्या राज्यांत बियाण्यांच्या, पशुखाद्याच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्यांना जाहिरात करायची होती, तीही स्वस्तात. मग आली ही टोपी. एकच साइज सगळ्यांना बसते, कोणाचं डोकं केवढं ते मोजत बसायला नको. आणि खरी हुशारी कपाळावर आहे बघा, साध्या बेसबॉल टोपीला तिथे मधोमध शिवण असते, इथे स्पंजचा एकच सलग तुकडा, त्यामुळे छापलेला लोगो अख्खा दिसतो. ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरचं उडी मारणारं हरीण असो की बियाणेवाल्या डिकाल्बचं पंखवालं मक्याचं कणीस, सत्तरच्या दशकात शेतकरी आणि ड्रायव्हर लोक दिवसभर कंपनीची पाटी डोक्यावर घेऊन हिंडत होते, तेही एक पैसा न घेता. मार्केटिंगवाल्यांनी अजून काय मागावं!

मग २००० नंतर हीच टोपी हॉलिवूडमध्ये. नट अ‍ॅश्टन कुचर, गायक फॅरेल विल्यम्स, सगळ्यांच्या डोक्यावर, आणि पुढे नाव व्हॉन डच. आता हा व्हॉन डच म्हणजे केनेथ हॉवर्ड, कॅलिफोर्नियात गाड्यांवर हाताने बारीक रेषा ओढणारा अवलिया माणूस, तो १९९२ मध्येच वारला, नंतर मुलींनी नाव विकलं आणि त्या नावावर टोप्यांचा धंदा झाला, त्या बिचाऱ्याचा टोपीशी संबंध काय तर शून्य. पण शहरातली पोरं भरपूर पैसे मोजून ती घेत होती, आणि दोन-चार वर्षांत कंटाळलीपण.

आपल्याकडे कृषी प्रदर्शनात जाऊन आलेल्यांना हे काही नवीन नाही. बियाण्याच्या नाहीतर खताच्या स्टॉलवर टोपी मिळते, कधी पिशवीपण, आणि लोक दोन मागतात, एक घरच्यासाठी.

तिकडे मात्र त्या जुन्या फुकटच्या टोप्या आता व्हिंटेज म्हणून ऑनलाइन विकायला असतात, स्पंज कुरतडलेला, घामाचे डाग पडलेले, तरी गिऱ्हाईक मिळतं.